माळावर काय आहे काढण्यासारखं?

सोलापूर सुटलं की रेल्वेच्या एकाच बाकावर मराठी, कन्नड आणि दख्खनी शेजारी शेजारी बसतात. अक्कलकोट रोड, दुधनी, मग गाणगापूर रोड. दत्तभक्त तिथे उतरतात. उरलेले कलबुर्गी, शहाबाद, वाडी करत पुढे जातात. या वाटेने वर्षानुवर्षं ये-जा करणाऱ्या मराठी माणसाला ‘बाहेर काय दिसतं?’ असं विचारून पाहा. तो जरा आठवतो आणि म्हणतो, ‘काही नाही. माळ आहे नुसता.’ हाच माणूस कोकण रेल्वेत बसला की प्रत्येक बोगदा संपल्यावर खिडकीला नाक लावतो.

चित्रकाराला तर हा प्रश्न तोंडावरच विचारला जातो. बांधावर बसून कागद ओला करायचा अवकाश, दोन पोरं आणि एक म्हातारा मागे येऊन उभे राहतात. थोडा वेळ बघून म्हातारा म्हणतो, ‘इथं काय आहे काढण्यासारखं? किल्ल्याकडं जावा की.’ त्याच्या बोलण्यात खवचटपणा नसतो. चित्र काढायचं ते देवाचं, राजाचं, फार तर किल्ल्याचं, असं त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. शेत कसायचं असतं, ते काढतं कोण?

या संग्रहात बिदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांतल्या गावांची, रानांची आणि नदीकाठांची निसर्गचित्रं एकत्र आली आहेत. काढणाऱ्यांत शाळेतले चित्रकलेचे शिक्षक आहेत, कलाशाळांतले विद्यार्थी आहेत, नोकरी सांभाळून रविवारी बाहेर पडणारे हौशी आहेत. चित्रं पुढे आहेतच, तेव्हा एकेका चित्राची ओळख करून देत मी वाचकाला अडवणार नाही. हा मुलूख कसा आहे, तो चित्रात उतरायला इतका अवघड का आणि आजवर तो चित्रात इतका कमी का आला, एवढंच इथे सांगायचं आहे.

आधी मुलखाविषयी. मराठी वाचकासमोर ‘सीमाभाग’ म्हटलं की बेळगाव, निपाणी, कारवार ही नावं येतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद सहसा येत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या जागी झालेल्या राज्याची वाटणी झाली तेव्हा एकटा बिदर जिल्हा तीन राज्यांत गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी बाजूला आले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले. माणसांचे सोयरसंबंध मात्र होते तिथेच राहिले. उदगीरची लेक भालकीला नांदते, आळंदचा जावई उमरग्याचा असतो, आणि घरात एक भाषा, बाजारात दुसरी, हे कुणाला विशेष वाटत नाही. ही गोष्ट चित्रकलेच्या प्रस्तावनेत सांगायचं कारण साधं आहे: नकाशावर रेघ आहे, रानात नाही. मांजरा बीडच्या डोंगरात उगवते, लातूर जिल्ह्यातून वाहत बिदरमध्ये येते आणि शेवटी गोदावरीला मिळते. भीमा पंढरपूरची, तीच गाणगापूरची. चित्रकाराने या नद्यांच्या काठी बसून राज्य ओळखून दाखवावं.

या मुलखाला तीन रंग आहेत आणि तिन्ही जमिनीतून आलेले आहेत.

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर, थेट त्याच्या कडेला बसलं आहे. जांभा म्हटलं की आपल्याला रत्नागिरी आठवते, पण इथला जांभा कोकणासारखा हिरव्यागार झाडीखाली दबलेला नाही, उघडा पडलेला आहे. किल्ल्याचा खंदक याच दगडात खोदून काढला आहे, आणि काही भागांत मधल्या भिंती तशाच राखून तो तिहेरी केला आहे. ताजा कापलेला जांभा मऊ आणि तांबूस-नारिंगी असतो. वाऱ्या-उन्हात तो कठीण होतो, काळवंडतो. म्हणजे एकाच भिंतीत सहा तांबडे सापडतात आणि चित्रकाराला पेटीतल्या लाइट रेडवर भागवता येत नाही.

पठार उतरून भालकी, बसवकल्याण, आळंदकडे आलं की काळी. ही ती कापसाची आणि तुरीची काळी माती. आणि दक्षिणेला, कलबुर्गी ओलांडून शहाबाद, चित्तापूर, सेडमकडे गेलं की तिसरा रंग लागतो तो करड्या-निळसर चुनखडीचा. हा रंग महाराष्ट्राला अनोळखी नाही. आपल्याकडे एका पिढीने ज्या फरशीवर पाट मांडून जेवण केलं आणि पालथं पडून गृहपाठ केला, ती शहाबादी फरशी इथून आली. खाणीच्या काठावर उभं राहिलं की जमीन थरांथरांनी उलगडलेली दिसते. तळाशी पावसाचं हिरवं पाणी साचलेलं असतं आणि वर काठाला रचलेल्या फरश्यांच्या उभ्या ओळी. या संग्रहात खाणींची चित्रं मोजकी आहेत, ती आणखी असायला हवी होती असं माझं मत आहे. त्या खाणी म्हणजे या जिल्ह्यातले डोंगरच आहेत, फक्त खाली गेलेले.

अडचण अशी की निसर्गचित्राचं आपलं सगळं शिक्षण उंच-सखल मुलखात झालं. डोंगर असला की चित्रात मागचा पडदा आयता मिळतो, नदीचं वळण असलं की नजर आत शिरते, उतरत्या छपरांमुळे तिरप्या रेषा मिळतात. इथे यातलं काहीच हाताशी नाही. क्षितिज कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ. घरांची छपरं सपाट, म्हणजे पुन्हा आडवी रेघ. बांध आडवे, तुरीचे तास आडवे. उभं असं एखादं लिंबाचं झाड, विजेचा खांब, देवळाचं शिखर किंवा दर्ग्याचा घुमट. नवशिक्या घाबरून चित्रात एक बैलगाडी घालतो आणि मोकळा होतो.

जाणता चित्रकार इथे आधी एकच निर्णय घेतो: आभाळ किती? कागदाचे तीन भाग केले तर दोन भाग आभाळाला द्यायचे की एकच? दोन दिले तर खालची पट्टी इतकी अरुंद होते की तिच्यातला प्रत्येक फटका मोजून मारावा लागतो. एक दिला तर जमीन अंगावर येते आणि तिच्यात रंग भरायला दम लागतो. दुपारी अकरा ते तीन इथे सावलीच नसते, सगळं एका टोनमध्ये जातं. सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर, एवढीच कामाची वेळ. मृगाच्या आधीच्या आठवड्यात नैर्ऋत्येकडून ढग चढू लागतात तेव्हा मात्र ज्याला जलरंग येतात त्याने घरी बसू नये.

आणि काळ्या रानाला काळा रंग लावू नये. हा धडा या भागातला प्रत्येक चित्रकार स्वतःच्या खराब झालेल्या कागदांवर शिकतो. चैत्र-वैशाखात काळी माती काळी नसतेच. भेगाळलेली, राखाडी, वरून पांढरट धूळ बसलेली असते. भेगेच्या आत डोकावलं तरच तिचा खरा गडदपणा दिसतो. पहिला पाऊस पडला की ती तपकिरी-जांभळी होते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्यातच एकमेकांत सोडले आणि ब्रश मध्येच थांबवला तर तो रंग मिळतो. जास्त घोळला की चिखल. पुढे कार्तिकात तूर फुलते. हा कलबुर्गीच्या रानाचा सर्वांत अवघड महिना. तुरीचं फूल हातात घेतलं तर लख्ख पिवळं असतं, पाकळीच्या पाठीवर तांबूस शिरा. पण शेत लांबून कधीच पिवळं दिसत नाही. करड्या-हिरव्या झुडपांवर पिवळी भुकटी पडल्यासारखं दिसतं, आणि वारा आला की तेही मिटतं. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, बाजारात तिचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या शेताचं एकही चित्र मात्र सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर नाही.

याचा अर्थ या मातीने चित्रकार दिले नाहीत असा मुळीच नाही. इथेच गंमत आहे.

सांबानंद मोनप्पा पंडित, म्हणजे एस. एम. पंडित, २५ मार्च १९१६ रोजी गुलबर्ग्यात, आजच्या कलबुर्गीत, जन्मले. मुंबई-मद्रास लोहमार्ग गुलबर्ग्यावरून जातो आणि पंडितांनी त्याची दोन्ही टोकं गाठली. मद्रासच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईत दंडवतीमठांच्या नूतन कलामंदिरात आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. जे. जे.त तेव्हा संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांचा काळ होता. पुढे मेट्रो सिनेमासाठी त्यांनी हॉलिवूडच्या चित्रपटांची शोकार्डं केली, ‘फिल्मइंडिया’ मासिकासाठी कामं केली, राज कपूरच्या ‘बरसात’चं पोस्टर केलं. मग आली कॅलेंडरं: राधा-कृष्ण, नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका. कन्याकुमारीला विवेकानंदांचं जे चित्र लोक हात जोडून पाहतात, तेही त्यांचंच. मुंबईत एवढं नाव कमावून पंडित गुलबर्ग्याला परतले. ३० मार्च १९९३ रोजी त्यांचं निधन झालं. कलबुर्गीतलं मोठं नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

पंडितांच्या हाताबद्दल दुमत असू नये. मानवी त्वचेवर पडणारा उबदार उजेड त्यांच्यासारखा फार थोड्यांना जमला. अपारदर्शक जलरंगात, गुवाशमध्ये, त्यांनी जे केलं ते भल्याभल्यांना तैलरंगात करता आलं नाही. पण त्यांच्या गाजलेल्या चित्रांत मागे काय असतं ते पाहा. ढग, धुकं, कमळं, कुठल्याशा पौराणिक वनातली झाडी. तो निसर्ग नाटकाच्या पडद्यासारखा आहे: देखणा, पण कुठल्याच गावचा नाही. गुलबर्ग्याच्या घराघरांतल्या भिंतींवर गुलबर्ग्याच्याच माणसाने काढलेली चित्रं लागली, आणि त्यांत गुलबर्गा कुठेच नव्हता.

यात पंडितांना दोष देणं सोपं आणि चुकीचं होईल. छापखान्याला, चित्रपट कंपनीला, कॅलेंडर काढणाऱ्याला माळ नको होता. काळ्या रानाच्या चित्राला गिऱ्हाईक नव्हतं, आणि पंडित चित्रकलेवर पोट भरणारे व्यावसायिक होते. भीमेच्याच वरच्या अंगाला पंढरपुरात जन्मलेल्या हुसेननेही घोडे रंगवले, वाळवंट नाही. इथली माणसं चित्रकार होण्यासाठी बाहेर गेली, आणि बाहेर जे विकत होतं ते शिकली.

उलट उदाहरण मराठीत एकच ठसठशीत आहे, आणि ते कोल्हापूरचं. आबालाल रहिमान जे. जे.मध्ये १८८०च्या दशकात शिकले, तिथे नाव कमावलं आणि मुंबईत न रमता कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारचे चित्रकार केलं. पण आबालाल दरबारापेक्षा कोटितीर्थाच्या काठावर जास्त राहिले. तेच तळं, तेच घाट, तीच झाडं त्यांनी पहाटे काढली, संध्याकाळी काढली, पावसात काढली. संध्यामठ काढला, रंकाळा काढला. पाण्यावरच्या उजेडाचे छोटे छोटे ठिपके मांडून उभी केलेली ती चित्रं पाहिली की फ्रान्समध्ये त्याच सुमाराला काय चाललं होतं याची आठवण होते. हा माणूस १९३१ मध्ये गेला, त्याची बरीचशी चित्रं नष्ट झाली. जी उरली त्यांनी दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर यांच्यापासून पुढच्या सगळ्या कोल्हापूरकरांना निसर्गचित्राचं वेड लावलं. आज कोल्हापुरात कुणी रंकाळ्यावर कागद घेऊन बसला तर त्याला ‘इथं काय आहे?’ असं कुणी विचारत नाही. एका चित्रकाराने चाळीसएक वर्षं एका तळ्याकडे पाहत राहण्याचा हा परिणाम.

बिदर-कलबुर्गीला असा आबालाल मिळाला नाही. मिळाला तो एक इंग्रज.

फिलिप मेडोज टेलर निजामाच्या नोकरीत होता. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९च्या कादंबरीमुळे त्याचं नाव झालं, पण त्याआधीच, १८३७ मध्ये, दख्खनमधल्या त्याच्या रेखाटनांचा संग्रह लंडनला छापला गेला होता. पुढे दहा-बारा वर्षं त्याने सुरपूरचा कारभार पाहिला. सुरपूर आज यादगीर जिल्ह्यात आहे, पूर्वी गुलबर्ग्यातच होतं. तिथून १८५३ मध्ये त्याची बदली नळदुर्गला झाली. म्हणजे आपल्या या पट्ट्याची दोन्ही टोकं त्याने घोड्यावरून पाहिली. त्याने तळी दुरुस्त केली, महापाषाणयुगीन दफनं उकरली, आणि फावल्या वेळात चित्रं काढली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्याचं नव्हतं, आणि राज्यकर्त्याची नजर त्याला सुटली नाही हेही खरं. तरी ज्या माळाला आपण ‘काही नाही’ म्हणतो त्या माळावरच्या दगडांच्या राशी, तलावाचे बांध, ढगांच्या सावल्या त्याला काढण्याजोग्या वाटल्या. परक्याला जे दिसलं ते घरच्याला दिसायला आणखी शंभर वर्षं लागली, ही नोंद आपल्याला अडचणीची असली तरी करायला हवी.

आता अष्टूर. बिदरपासून जेमतेम तीन-चार किलोमीटरवर बहामनी सुलतानांच्या कबरी एका ओळीत उभ्या आहेत, आणि या भागात येणारा प्रत्येक चित्रकार सगळ्यात आधी तिथे जातो. जायलाच हवं. अहमदशाह वली याच्या मकबऱ्यात शिरलं की आधी अंधार. डोळे सरावले की वर छतावर शेंदरी, निळा, सोनेरी रंग उमटू लागतात. वेलबुट्टी आणि अक्षरं घुमटाच्या आत गोल गोल चढत गेलेली. अहमदशाह गेला १४३६ मध्ये. म्हणजे बिदरला रंगांची ओळख नव्हती असं म्हणायची सोय नाही. त्याच्या उरुसाला मुसलमान येतात तसे लिंगायतही येतात, आणि कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळहून जंगम स्वामी निघून इथे पोचल्याशिवाय तो उरूस पुरा होत नाही.

त्याच ओळीत हुमायूनशाहची कबर आहे. तिच्यावर वीज पडली आणि घुमट अर्धा कोसळला. उरलेला अर्धा आजही हवेत तोलून उभा आहे, इतका सरळ कापलेला की घुमटाची जाडी आणि आतली पोकळी बांधकामाच्या आराखड्यात दाखवावी तशी दिसते. तिचं चित्र न काढलेला चित्रकार मला भेटलेला नाही. दुपारचं ऊन, तुटकी कड, खाली मेंढरं: चित्र जमून जातं. जरा जास्तच सहज जमतं, म्हणून मला त्याचा संशय येतो. अष्टूरला बसणारे बहुतेक जण रानाकडे पाठ करून बसतात. त्यांनी मान फिरवली तर कबरींच्या पायऱ्यांपर्यंत आलेली ज्वारी दिसेल, कडेने गुरांना अडवायला लावलेली काटेरी करडई दिसेल, आणि मागे पठार तुटून मांजरेच्या खोऱ्याकडे उतरलेलं दिसेल. या संग्रहातल्या काही चित्रकारांनी मान फिरवली आहे. माझ्या मते संग्रहातली ती सर्वांत चांगली चित्रं आहेत.

बिदरच्या मातीचा आणखी एक गुण चित्रकारांनी ध्यानात घ्यावा. बिदरी कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार बसवतात आणि मग ऊन-पाऊस न लागलेली किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर उकळून त्यात भांडं बुडवतात. धातू कायमचा काळा होतो, चांदी तशीच चमकत राहते. गावची माती थेट रंग म्हणून वापरणारी ही परंपरा पाच-सहा शतकांची आहे. चित्रकारांनी मात्र ही माती कागदावर आणायला इतका उशीर केला.

एका गोष्टीबद्दल मी थोडा कठोर बोलणार आहे. गावाकडची चित्रं म्हटलं की माळवदाची घरं, डोक्यावर घागर घेतलेली बाई, फेटेवाला म्हातारा आणि कंदील ही ठरलेली मंडळी हजर होतात. माळवदं सुंदर होती यात वाद नाही. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, रात्री वर झोपायला अंगण. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारो माणसं त्याच दगड-मातीच्या भाराखाली गेली, आणि त्याचा हादरा आळंद-बसवकल्याणपर्यंत सगळ्यांनी झेलला. त्यानंतर या पट्ट्यात ज्याला जमलं त्याने पत्रे घातले, स्लॅब टाकला. आज जो चित्रकार गावातले पत्रे, स्लॅबवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या आणि सेडमच्या बाजूची सिमेंट कारखान्यांची धुराडी वगळून फक्त पडकी माळवदं शोधत फिरतो, तो मला गावाचा चित्रकार वाटत नाही. निळी ताडपत्री टाकलेली कडब्याची गंजीही काढावी. तो निळा या रानात इतका परका आहे की सगळं चित्र त्याच्याभोवती जागं होतं. संग्रहात अशी दोन-तीन चित्रं आहेत, आणि पाहुण्यांना दाखवताना लोक नेमकी तीच उलटून जातात.

वेळ अमावास्येची चित्रं मात्र कुणी उलटून जाणार नाही. मार्गशीर्षातली ही अवस लातूर, धाराशिवपासून बिदर, कलबुर्गीपर्यंत साजरी होते. या बाजूच्या बोलीत ती येळवस. घराला कुलूप लावून सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभी करतात, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडतात, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवतात आणि रानात तो शिंपडत फिरतात. पंगतीला कुणीही या; त्या दिवशी जातधर्म विचारायची पद्धत नाही. एरवी रिकामा दिसणारा माळ एका दिवसापुरता भरतो. प्रत्येक शेतात एक कोप, कोपीभोवती लुगड्यांचे लाल-हिरवे ठिपके, मध्ये हरभऱ्याची गर्द हिरवी पट्टी आणि वर थंडीतलं स्वच्छ, उंच आभाळ. सपाट मुलखात उभं काही नसतं ही चित्रकाराची तक्रार त्या दिवशी कोपींनी आपोआप मिटवलेली असते. या सणाचं निसर्गचित्र काढताना माणसं काढायची की नाहीत असा प्रश्न एका तरुण चित्रकाराने मला विचारला होता. काढावीत, पण शेताच्या मापाने. त्या मुलखात माणूस क्षितिजापुढे अंगठ्याएवढा दिसतो आणि तेच त्याचं खरं माप आहे.

आज परिस्थिती पंडितांच्या तरुणपणासारखी नाही. कलबुर्गीत एम. एम. के. कॉलेज ऑफ व्हिज्युअल आर्ट आहे, आयडियल फाइन आर्ट इन्स्टिट्यूट आहे. चित्रकार व्हायला आता मद्रास-मुंबईची गाडी पकडावी लागत नाही. या संग्रहातले बरेच हात तिथेच घडले आहेत. तांत्रिकदृष्ट्या सगळीच चित्रं सारखी नाहीत. काहींचे वॉश घाणेरडे झाले आहेत, काहींनी आभाळाला घाईने निळा फासला आहे, आणि दोन-चार चित्रांत फोटो समोर ठेवून काम केल्याचा वास लपत नाही. तरी ती संग्रहात हवीत असं मी सुचवलं, कारण ज्या जागेची चित्रंच नाहीत तिथे पहिली शंभर चित्रं निवडून घ्यायची नसतात.

शेवटी एक विनंती, आणि ती वाचकांतल्या शिक्षकांना. भालकी किंवा आळंदच्या कुठल्याही शाळेत पाचवीच्या वर्गात जाऊन ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून पाहा. चाळीसपैकी पस्तीस मुलं दोन त्रिकोणी डोंगर काढतील, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून येणारी नदी, काठावर नारळाचं झाड आणि उतरत्या छपराचं घर. त्यांच्या गावात डोंगर नाही, नारळ नाही, बारमाही नदी नाही आणि छपरं सपाट आहेत. हे चित्र मुलांच्या मनातून आलेलं नाही. ते आपण फळ्यावर काढून दाखवतो, परीक्षेत त्याला गुण देतो. यंदा तेवढं बंद करा. कार्तिकात, तूर फुललेली असताना, एका तासासाठी मुलांना शाळेमागच्या रानात न्या, बांधावर बसवा आणि समोर जे दिसतं ते काढायला सांगा. सोबत हा संग्रह नेऊ नका, नाहीतर ती यातलीच चित्रं उतरवून काढतील.